कागदावर तीनदा फाडलेली

मित्रांनो, डोळे मिटा आणि कल्पना करा, की तुम्ही छातीइतक्या पाण्यात उभे आहात. पायाखालची वाळू सरकते आहे. पोहता येत नाही. काठ लांब आहे. तेवढ्यात काहीतरी काळं, गोल, गुबगुबीत तुमच्याकडे तरंगत येतं. तुम्ही दोन्ही हातांनी ते धरता आणि पाय आपोआप वर येतात. पाणी तुम्हाला उचलून घेतं.

ते काळं आणि गोल म्हणजे मी. मी एक जुनी ट्यूब आहे, ट्रकच्या चाकातली. सध्या परभणीच्या एका सरकारी खोलीत खुंटीला टांगलेली आहे. गळ्यात दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी आहे. शेजारी एक मोडकी सायकल आहे, दोन कोयते आहेत, आणि एक पिठाचा डबा आहे; तो इथे का आला, हे त्यालाही सांगता येत नाही. आम्ही सगळे कुठल्या ना कुठल्या गुन्ह्याचे साक्षीदार. माझ्यात आणि त्यांच्यात फरक एवढाच, की कागदावर मी केव्हाच मेलेली आहे. एकदा नव्हे, तीनदा. ‘पंचांसमक्ष फाडून जागीच नष्ट केली’ असं तीन वेगवेगळ्या कागदांवर लिहिलेलं आहे. तरी मी आहे. हे कसं झालं ते सांगते. गोष्ट आनंदाची नाही, पण तुम्ही मोठे होणार आहात, म्हणून ऐकून ठेवा.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात, तापलेल्या साच्यात झाला. मग पांढऱ्या पावडरीत लोळवून, घडी घालून मला विकायला पाठवलं. पहिली काही वर्षं मी उसाच्या ट्रकच्या चाकात काढली. टायर जगाला दिसतो, ट्यूब कुणाला दिसत नाही. पण सगळा भार शेवटी आतल्या हवेवरच असतो, याचा मला अभिमान होता. एके दिवशी पालमच्या रस्त्यावर खिळा घुसला. पंक्चरवाल्याकडचे गोल तुकडे संपले होते, म्हणून त्याने मला तिकोनी ठिगळ लावलं. ड्रायव्हरला ते आवडलं नाही. तो दुसरी ट्यूब घेऊन गेला आणि मी दुकानाबाहेर लटकत राहिले. बाजाराच्या दिवशी खांद्यावर घोंगडी टाकलेला एक उंच, अबोल माणूस आला. त्याने मला दाबून पाहिलं, ठिगळावरून अंगठा फिरवला आणि विकत घेतलं. त्याचं नाव लिंबाजी.

लिंबाजी मेंढपाळ होता. गंगेच्या थडीवर, म्हणजे काठावर, त्याचं गाव. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. गावाचं नाव मुद्दामच सांगत नाही. गावाच्या बाजूला सगळी शेती, ऊस आणि कापूस. मेंढरांना चरायला मोकळं गायरान होतं ते पलीकडच्या काठाला. उन्हाळ्यात मेंढरं उतारातून, म्हणजे उथळ पाण्यातून, चालत जायची. पाणी वाढलं की मोठी कशीबशी पोहून जात, कोकरं मात्र वाहून जायची. म्हणून लिंबाजीने मला आणलं होतं. माझ्या मधल्या पोकळीखाली त्याने पोतं ताणून बांधलं. त्या झोळीत चार-चार कोकरं बसवून, मला ढकलत, तो नदी पार करायचा. कोकरं भ्यायची, थरथरायची, आणि मग माझ्या गरम रबरावर हनुवटी टेकून गप्प बसायची. आयुष्यात एवढा मान मला पुन्हा मिळाला नाही.

मेंढपाळांची एक रीत तुम्हाला सांगायला हवी, कारण पुढे तिच्यावरच सगळं अडणार आहे. प्रत्येकाच्या मेंढरांवर त्याची स्वतःची खूण असते. दोन कळप एकमेकांत मिसळले, तर खुणेवरून आपलं जनावर ओळखायचं. लिंबाजीची खूण होती लाल ऑइलपेंटच्या दोन उभ्या रेघा. दिवाळीच्या पाडव्याला मेंढरं धुऊन ती ताजी करायची. मी आले त्या पाडव्याला लिंबाजीची मुलगी बबिता पाच वर्षांची होती. सगळ्या मेंढरांना रंग लागला आणि मी तशीच, हे तिला पटेना.

“आबा, हिला कामून न्हाई?” ती म्हणाली.

लिंबाजी हसला आणि कुंचला तिच्याच हातात दिला. तिने माझ्या अंगावर दोन वाकड्या रेघा ओढल्या. खाली एक ठिपका दिला. हा कशाला, तर म्हणे हे हिचं आपल्यातलं पहिलं वर्ष. तेव्हापासून दर पाडव्याला रेघांखाली एक ठिपका वाढायचा. दुसऱ्या ठिपक्याच्या वर्षी ती मला धरून पोहायला शिकली. तिसऱ्या वर्षी मला सोडून.

त्याच वर्षी भाद्रपदात गंगेला पूर आला. शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे गोठ्याजवळच्या झोपडीत, एक बाई आणि तिची दोन लेकरं अडकली होती. लिंबाजीने मला कमरेला बांधून पाण्यात उडी घेतली. तिघंही वाचली. सतरा सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनाला, शाळेत झेंडा फडकला तेव्हा त्याला टॉवेल, टोपी आणि नारळ दिला. मला झेंड्याच्या ओट्याला टेकवून ठेवलं होतं. लिंबाजीचा थोरला भाऊ मुंजाजी, ज्याला बबिता तात्या म्हणायची, त्याने मला हळदकुंकू लावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “नारळ हिला द्या. आमचा लिंबाजी निस्ता लोंबकळत होता.” सगळी शाळा हसली.

तात्या असाच होता. गमत्या, प्रेमळ, आणि दारूच्या आहारी गेलेला.

आता दारूचं सांगते. पलीकडच्या काठावर, बाभळीच्या बनात, बन्सीधर नावाच्या माणसाची हातभट्टी होती. चोरून दारू गाळायची आणि गावोगाव पोचवायची हा त्याचा धंदा. सगळे त्याला अण्णा म्हणत. त्याचा भाचा जीवन त्याचा उजवा हात होता. दारू रस्त्याने न्यायची तर पुलावर नाकं. त्यापेक्षा ट्यूबमध्ये भरून नदीतून अलीकडे आणणं सोपं. पण त्यासाठी रोज नदी पार करणारा, कुणाला संशय न येणारा माणूस हवा होता. असा गावात एकच होता.

लिंबाजी पहिल्यांदा नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशी मेंढरं घेऊन पलीकडे गेला, तर जीवनची माणसं काठ्या घेऊन गायरानाच्या वाटेवर बसलेली. मागे खाटेवर बन्सीधर.

“लिंबाजी, हे गायरान का तुझ्या बापाचं हाय?”

“सरकारचं हाय, अण्णा.”

“मंग सरकारला इचारून ये. म्या इचारलंय.”

आणि खरंच त्याने विचारलेलं होतं. त्या भागाचा जमादार, म्हणजे तिथला पोलीस हवालदार, महिन्याच्या महिन्याला त्याच्याकडे यायचा आणि हात भरून जायचा. लिंबाजी अर्ज घेऊन पोलिसांत गेला, तो अर्ज संध्याकाळी बन्सीधरच्या खिशात होता. तीन दिवस मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळ्याच्या कोंडवाड्यात, उपाशी ओरडत राहिली. चौथ्या दिवशी लिंबाजीने माझ्याखालची कोकरांची झोळी सोडली आणि घडी घालून ठेवून दिली.

माझ्या तोंडातली वॉलपिन काढून त्यांनी आत नळी घातली. आजवर माझ्या पोटात फक्त हवा होती. आता आंबूस, जळजळणारं पाणी आलं. पलीकडून अलीकडे, दिवसाआड. चरायला जाताना मी रिकामी, येताना भरलेली. कोकरांनी पहिल्याच दिवशी मला हुंगलं आणि मागे सरली. लिंबाजी त्यांना मग खांद्यावर घेऊन पोहायचा. एकेका कोकराला एक खेप. माझ्याकडे बघायचा नाही.

तुम्ही म्हणाल, पोलीस कधी पकडत नव्हते का? पकडत होते ना. सांगून पकडत होते. वर्षातून एखादी केस वर दाखवावीच लागते. मग जमादार निरोप धाडायचा की अमुक दिवशी एक माणूस आणि एक ट्यूब द्या. याला ते ‘केस देणं’ म्हणत. बन्सीधर माणूस निवडायचा, आणि तो बहुधा मुंजाजी तात्याच असायचा, कारण तो एका बाटलीवर राजी व्हायचा. नदीकाठी पंचनामा व्हायचा. पंच ठरलेले, बन्सीधरच्याच भट्टीवरचे. तात्या अंगठा द्यायचा, पोलिसांच्या गाडीत बसताना बबिताला हात करून म्हणायचा, “सासुरवाडीला जाऊन येतो गं.” संध्याकाळच्या एसटीने परत.

आणि मी? कागदावर मला फाडलेलं असायचं. प्रत्यक्षात माझ्यातली दारू सांडून जमादार मला लिंबाजीकडे भिरकवायचा. “घेऊन जा रे. नवी कुठून आणता उगं.”

पण एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही. त्याच्यासोबत लिहायला एक तरुण शिपाई असायचा. नवाच होता. वस्तूचं वर्णन नीट लिहावं, एवढं त्याला शिकवलेलं होतं आणि तेवढं तो इमानाने करायचा. पहिल्या पंचनाम्यात त्याने लिहिलं: ‘एक काळ्या रंगाची ट्रकची ट्यूब, त्यास तिकोनी ठिगळ, बाजूस लाल रंगाच्या दोन उभ्या रेघा व खाली चार ठिपके.’ जमादाराने न वाचता सही केली. तात्याला वाचताच येत नव्हतं. त्या कागदाची नक्कल तात्याच्या खिशातून घरी आली. घरात वाचणारी एकटी बबिता. तेव्हा ती नऊ वर्षांची होती.

“आबा, हितं लिवलंय की आपली ट्यूब फाडली.”

“कागदावर फाडली,” लिंबाजी म्हणाला. “कागदाला का कळतंय.”

तिला ते उत्तर आवडलं नाही. तिने कागद पत्र्याच्या पेटीत ठेवून दिला. पुढच्या वर्षी दुसरा आला, पाच ठिपक्यांचा. तोही ठेवला. त्याच्या पुढच्या श्रावणात तात्या तापाने पडला होता, म्हणून लिंबाजीलाच केस द्यावी लागली. तिसरा कागद सहा ठिपक्यांचा. त्यावर तिच्या बापाचा अंगठा होता. तो तिने कितीतरी वेळ हातात धरून ठेवला होता.

मला वाटलं, आता ही मला खूण करायची नाही. मला स्वतःचीच किळस आली होती. पाडवा आला. लिंबाजीही म्हणाला, “हिला नको लावू. नासली ती.”

बबिता म्हणाली, “मेंढरू रोगट झालं म्हणून आपण खूण पुसताव का?”

लिंबाजीने रंगाचा डबा तिच्यापुढे सरकवला. बबिताने सातवा ठिपका दिला. त्या दिवशी, मित्रांनो, मला रडता आलं असतं तर मी रडले असते.

इकडे मामाभाच्यात बिनसलं होतं. जीवनचं म्हणणं असं, की धोका मी पत्करतो, आणि काठी टेकत मिरवतो मामा. नदी माझी व्हायला पाहिजे. त्याने स्वतःची वेगळी भट्टी लावली आणि जमादाराला मामापेक्षा जास्त द्यायला सुरुवात केली. मग एक खरीखुरी धाड पडली. मामाच्या भट्टीवरचे बॅरल फोडले गेले. बन्सीधर काय समजायचं ते समजला. आठ दिवसांनी भर दुपारी त्याची माणसं कोयते घेऊन वाळूवर उतरली आणि जीवनच्या चार ट्यूबा उभ्या चिरल्या. एका माणसाचा हातही चिरला गेला. मी बाभळीखालून बघत होते. मेलेल्या सापासारख्या त्या वाळूत पडल्या होत्या. त्या दिवशी जमादार दोन्हीकडे जेवला.

आता जे सांगते ते फक्त मला माहीत आहे.

मार्गशीर्षातली दुपार होती. बन्सीधरच्या माणसांनी मला भरून सावलीत ठेवलं होतं. लिंबाजी मेंढरं वळायला गेला होता. जीवन एकटाच आला. हातात प्लास्टिकचा कॅन होता. त्याने माझी पिन काढली आणि कॅनमधलं काहीतरी माझ्या पोटात सोडलं. ते दारूसारखं नव्हतं. आतून सालपट निघावं तसं मला झालं. माणसं मरावीत असं त्याच्या मनात नसेलही. लोक आजारी पडावेत, अण्णाचा माल वाईट अशी बोंब व्हावी, एवढंच कदाचित. पण विष ओतणाऱ्याच्या मनात काय होतं, हे विषाला कळत नाही. माझ्यावर लिंबाजीची खूण होती, आणि लिंबाजी अण्णाचा माणूस, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. म्हणून त्याने मला निवडलं.

लिंबाजी आला. पुढची मेंढी माझ्याजवळ येताच बिचकून उलटी फिरली. लिंबाजीने वाकून माझ्या तोंडाशी नाक नेलं. मग तो भट्टीवर गेला आणि बन्सीधरला म्हणाला, “अण्णा, आज वास निराळा यायलाय.”

बन्सीधर घाईत होता. जीवनचा माल गावात पोचायच्या आत त्याला स्वतःचा पोचवायचा होता. तो म्हणाला, “तू मेंढरं हुंग, लिंबाजी. दारू आमी हुंगताव.”

माझ्या मनात आलं, फुटावं. ठिगळ सुटावं, सगळं नदीत जावं. पण त्या पंक्चरवाल्याने काम पक्कं केलं होतं. लिंबाजी क्षणभर थांबला. मग त्याने मला पाण्यात ढकललं. एवढीच त्याची चूक. पण ती लहान नव्हती, आणि पुढे त्याने कधी तिला लहान म्हटलंही नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत गावातली दोन माणसं दगावली. त्यातला एक रामकिशन, शेजारच्या दैवशालाचा नवरा. मुंजाजी तात्याला परभणीला दवाखान्यात नेलं. तो वाचला. पण शुद्धीवर आल्यावर म्हणाला, “दिवा लावा की रे, किती अंधार केलाय.” तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि खिडकीतून ऊन त्याच्या तोंडावर येत होतं.

दोन मरणं एका अंगठ्यात मिटत नाहीत. वरून चौकशी येणार हे जमादाराला कळलं. तेव्हा काल कोयते काढणारे मामाभाचे चौकातल्या हॉटेलात समोरासमोर बसले. चहा मागवला आणि एकाच बशीतून आळीपाळीने प्याले. भांडणात त्यांनी माणसं मारली होती; आता समेटासाठी त्यांना एक माणूस हवा होता. लिंबाजीला पकडून नेलं. दारू त्यानेच गाळली, त्यानेच काहीतरी मिसळलं, त्यानेच विकली, असा जबाब जमादाराने लिहून तयार ठेवला होता. मेंढरांची आणि पोरीची आठवण करून देऊन त्यावर अंगठा घेतला. लिंबाजीची बायको कासाबाई भेटायला गेली तर तो तिला एवढंच म्हणाला, “माझ्याच हातानं नेली ना. मंग मीच.”

ती घरी येऊन हे सांगू लागली तेव्हा बबिता पत्र्याच्या पेटीपाशी बसलेली होती.

त्याच दुपारी जीवन दारात आला. मोठ्या अदबीने बोलला. वहिनी, ती जुनी ट्यूब तेवढी द्या, बबिताला नवी आणून देतो. त्याला जमादाराने पाठवलं होतं. त्या लिहिणाऱ्या शिपायाने जमादाराला आठवण करून दिली होती, की साहेब, त्या ट्यूबवर खूण हाय, आणि ती तर आपण तीनदा फाडलीय. कासाबाई भेदरली. म्हणाली, गंगेत सोडून दिली. जीवनने वाघरीकडे पाहिलं, गोठ्यात डोकावला, आणि जाताना म्हणाला, “सोडली असंल तर बरं. सापडली तर वाईट.”

मी घरातच होते. बबिताने माझी सगळी हवा सोडून, घडी घालून मला तात्याच्या अंथरुणात घातलं होतं. तात्या माझ्यावर डोकं ठेवून निजला होता. रात्री कासाबाई तिला म्हणाली, “खरंच सोडून दे गं गंगेत. तिला दाखिवलं तर तुझ्या बापानं नेलं हे बी दिसंल.”

तेच तर अवघड होतं, मित्रांनो. मला लपवलं, तर लिंबाजी खुनी ठरणार होता. मला दाखवलं, तर तो दारू वाहणारा ठरणार होता, आणि ते खरं होतं. बाप निर्दोष आहे असं सांगायची सोय बबिताला नव्हती. खरं सांगायचं, तर सगळंच सांगावं लागणार होतं.

चार दिवसांनी परभणीहून मोठ्या अधिकारी बाईसाहेब चौकशीला आल्या. शाळेच्या पटांगणात टेबल मांडलं. गाव जमलं. फाटकापाशी जीवनच्या टोळीतली पोरं येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाताकडे बघत उभी होती. बबिता तात्याला धरून आली. तात्याच्या खांद्यावर घोंगडी, आणि घोंगडीच्या घडीत मी. आंधळ्याला अडवायचा धीर कुणाला झाला नाही. जीवन स्वतः बाजूला सरला आणि म्हणाला, “या तात्या, या.” तात्या म्हणाला, “आलो बाबा. तूच हात धरला असता, पण पोरीनं धरलाय.”

बाईसाहेबांनी विचारलं, कुणाला काही सांगायचं आहे का. कुणी मान वर केली नाही. जमादार त्यांच्या मागेच उभा होता. बन्सीधर पहिल्या बाकावर बसला होता.

बबिताने घोंगडी उलगडली, मला टेबलावर पसरलं, आणि शेजारी तीन कागद ठेवले.

बाईसाहेबांनी पहिला कागद वाचला. माझ्याकडे पाहिलं. ठिगळ पाहिलं, रेघा पाहिल्या. दुसरा वाचला. तिसरा वाचताना त्या हळूहळू बसल्या. मग म्हणाल्या, “ही खूण कोणाची?”

कासाबाई लांबून मानेने नको नको म्हणत होती.

“आमची हाय,” बबिता म्हणाली. “आबानं हिच्यातून दारू आणली. तीन साल आणली. हितं लिवलंय की हिला तीनदा फाडलं. पर सातवा ठिपका म्या औंदाच्या पाडव्याला दिलाय. ज्याची ह्या तीन कागदांवर सही हाय, त्यानंच आबाचा जबाब लिवलाय, बाईसाहेब.”

एवढंच बोलली. जास्त काही बोलायची गरजही नव्हती. बाईसाहेबांनी मागे वळून जमादाराकडे पाहिलं, आणि दुसऱ्या माणसाला बोलावून नवा पंचनामा लिहायला बसवलं. लिहून झालं. आता दोन पंच हवे होते, गावातलेच. त्यांनी विचारलं, कोण होतंय. पटांगणात एवढी माणसं, आणि एकाचाही पाय उचलेना. मी ज्यांना पुरातून काढलं होतं ती बाईसुद्धा पदराशी खेळत खाली बघत होती. तिला मी दोष देत नाही. तिला अजून दोन लेकरं वाढवायची आहेत.

“मी हुतो,” तात्या म्हणाला.

जमादार हसला. म्हणाला, आंधळा पंच कसा होईल, त्याला काय दिसतंय?

तात्याने हात पुढे केला. बबिताने तो माझ्यावर ठेवला. ऑइलपेंटचे थर वाळून वर आलेले असतात, बोटाला लागतात. तात्याने तिकोनी ठिगळ चाचपलं, दोन रेघा चाचपल्या. मग एकेक ठिपका मोजला, मोठ्याने, सातपर्यंत. आणि जमादाराच्या आवाजाच्या दिशेने तोंड करून म्हणाला, “डोळे हुते तवा दोनदा अंगठा दिला, काईच बगितलं न्हाई. आता हातानं बगतो.”

मागून दैवशाला उठली. कपाळ मोकळं होतं. ती टेबलापाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “दुसरी मी.”

पुढे कोर्टात काय होईल, मला ठाऊक नाही. तारखा पडतात. कधी मला काढून नेतात, पुन्हा आणून टांगतात. लिंबाजीला त्याच्या वाट्याची शिक्षा होईल, आणि ती व्हायला हवी असं तो स्वतःच म्हणतो. मामाभाच्यांचं काय होईल ते मोठ्या माणसांवर सोडते. तुम्हाला मात्र एक विनंती आहे. वस्तू जपा, त्यांना घाणीला लावू नका, हे तर मी म्हणणारच. माझ्यासारखी जुनी ट्यूब आणखी काय म्हणणार? पण त्याहून एक मोठी गोष्ट जपा. जे आपलं आहे, त्यावरची आपली खूण पुसू नका. ते नासलं तरी पुसू नका. आणि ज्या कागदावर तुमचं नाव जाणार आहे, तो आधी नीट वाचा.

कारण त्या दिवशी शेवटी असं झालं. बाईसाहेबांनी शाईचा पॅड पुढे सरकवला. तात्याने सवयीने अंगठा शाईत बुडवला आणि कागदाकडे नेला, जसा आजवर नेला होता तसाच. तेवढ्यात बबिताने त्याचं मनगट धरलं. शाईचा अंगठा तिने हवेतच थांबवला, दुसऱ्या हाताने कागद उचलला, आणि सगळ्या पटांगणाला ऐकू जाईल अशा आवाजात, पहिल्या ओळीपासून, ती तो तात्याला वाचून दाखवू लागली: “एक काळ्या रंगाची ट्रकची ट्यूब. फाडलेली नाही.”